दुसऱ्या फेरीतली मुलगी

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण गावात वाटेल ते बोललं जातंय. माझ्या डॅडने मला विकलं नाही. विकलं असतं तर निदान भाव तरी कळला असता. त्याने माझी अदलाबदल केली, आणि तीही चुकून. निदान सुरुवात तरी चुकूनच झाली.

माझा डॅड, व्हर्लिन स्टकी, मेन स्ट्रीटवर चष्म्यांचं दुकान चालवतो. अर्ध्या मिलर्स फोर्ड गावाला जग स्वच्छ दिसतं ते त्याच्यामुळे. हिवाळ्यात तो मुलींच्या बास्केटबॉल टीमचा कोच असतो. यात विशेष काही नाही. आमच्या इंडियाना राज्यात हिवाळा लागला की प्रत्येक बाप कोच होतो, आणि जो होत नाही त्याला लोक भेटल्यावर आधी तब्येत विचारतात. घर बांधताना गॅरेजवर रिंग सगळ्यात आधी बसते, गाडी आत मावते का ते मागाहून बघतात.

आमच्या टीमला जर्सी देतं ते गावातलं फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधी करून देणारं दुकान. छातीवर 'शेफर', पाठीवर 'शेवटपर्यंत तुमच्यासोबत'. पाठीवरचं ते वाक्य वाचायची वेळ समोरच्या टीमवर सहसा येत नसे, कारण त्यासाठी आम्ही त्यांच्या पुढे असायला हवं होतं.

आता नियम सांगते, कारण माझं सगळं नुकसान एका नियमाने केलंय. हिवाळ्याच्या तोंडावर सगळे कोच पार्क खात्याच्या हॉलमध्ये जमतात आणि एकेक मुलगी निवडतात. पहिली फेरी, दुसरी फेरी, असं शेवटपर्यंत. जी टीम गेल्या वर्षी तळाला होती तिला सगळ्यात आधी निवडायला मिळतं. कोचांना आपापल्या फेऱ्यांची देवाणघेवाण करायचीही मुभा आहे. तुझी पहिली मला दे, माझी तिसरी तू घे, असं. कोचची स्वतःची मुलगी मात्र कोचकडेच राहते. पण फुकट नाही. मुलगी चांगली खेळत असेल तर ती कितव्या फेरीची आहे ते समिती ठरवते, त्या फेरीत तिचं कार्ड फळ्यावर आधीच टोचून ठेवतात, आणि कोचची ती फेरी तिच्यातच संपते. म्हणजे आपल्या मुलीची किंमत बापाला आपल्याच खिशातून मोजावी लागते.

माझ्यासाठी डॅडला कधी काही मोजावं लागलं नव्हतं. मी दरवर्षी शेवटच्या फेरीत. तिथे मी असायचे आणि शिट्टी वाजली की रडणारी एक मुलगी असायची. मी रडत नसे, एवढाच आमच्यात फरक.

मग गेल्या उन्हाळ्यात मी वाढले. मॉम दर महिन्याला माझ्या पँटची शिवण उसवून म्हणायची, "हे आता थांबव." पण खरी बातमी पाय वाढल्याची नव्हे. खरी बातमी ही की मी वाकणं सोडलं. इतकी वर्षं मी स्वतःची उंची चोरून फिरत होते. शाळेच्या फोटोत गुडघे वाकवायचे, मैत्रिणींशी बोलताना भिंतीला रेलायचे. एक दिवस आरशासमोर सरळ उभी राहिले आणि म्हटलं, अगं, तू तर बरी दिसतेस. त्या दिवसापासून मला सेंटर व्हायचं होतं. मॅच सुरू होताना मधल्या गोलात उभी राहते ती सेंटर. पंच चेंडू वर फेकतो, सगळं जिम श्वास रोखून बघत असतं, आणि दोन मुली उडी मारतात. त्या दोघींतली एक मला व्हायचं होतं, आणि बाकीच्या उन्हाळ्यात मी दुसरं काही केलं नाही.

गॅरेजसमोर मी चेंडू टाकत राहायचे आणि शेजारच्या मिसेस फिच पोर्चवरच्या झुल्यातून मार्गदर्शन करायच्या. त्यांच्या काळी मुली गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट घालून खेळायच्या, त्यामुळे पायांबद्दल त्यांचं काही मत नव्हतं. सगळं मत हातांबद्दल.

"कोपर आत घे गं."

"आत आहे, मिसेस फिच."

"मग बाहेर का वाटतंय? आणि तू नेहमी डावीकडेच का वळतेस?"

"उजवीकडे तुमचं गुलाबांचं कुंपण आहे."

"मग बरोबर आहे. वळ डावीकडे."

संध्याकाळी दुकान बंद करून डॅड यायचा, टाय सैल करून रिंगखाली उभा राहायचा आणि माझे चेंडू परत फेकायचा. एकदा मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "यंदा सेंटर कोण, डॅड?"

"हा काय प्रश्न झाला? घरात शिडी असताना मी दुसऱ्याच्या दारात मागायला जाईन होय?"

शिडी हा शब्द मुलीला लागण्यासारखा आहे, पण मला इतका गोड लागला की मी तो झोपेपर्यंत चघळत होते.

सप्टेंबरात चाचणी झाली. गावातल्या सगळ्या मुली जिममध्ये पळतात, उड्या मारतात, आणि समिती वर बसून बघते. त्या दिवशी मी अशी खेळले की मला स्वतःलाच ओळख पटेना. खेळ संपल्यावर पार्क खात्याच्या मिसेस बॅख्टेल माइकवरून फेऱ्या वाचू लागल्या. "मॅरन स्टकी, दुसरी फेरी." दुसरी. शेवटून नव्हे, वरून दुसरी. मिसेस फिचनी टाळ्या वाजवल्या. मी वळून डॅडकडे बघितलं.

डॅड वर बघत होता. कोपऱ्यातल्या रिंगमध्ये एक चेंडू अडकला होता, आणि नवीन आलेल्या एका मुलीने हात वर करून तो काढला. उडी मारून नव्हे. कपाटावरून डबा काढावा तसा. तिचं नाव ग्रेटा व्हॅन्डरमीर. सहा फूट दोन इंच. ती आणि तिची आई ऑगस्टमध्येच मिशिगनहून राहायला आल्या होत्या.

परत जाताना गाडीत मी म्हटलं, "डॅड, मला दुसऱ्या फेरीत घातलंय."

"हं," डॅड म्हणाला. "तू बघितलंस का, तिच्या टाचासुद्धा उचलल्या नाहीत."

पुढचे काही आठवडे गावात दुसरा विषय नव्हता. चर्चमध्ये चिलीच्या, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्शाच्या, जेवणावळीत डॅड वाटी घेऊन रांगेत उभा राहिला की मागचा माणूस कानाशी लागायचा. "व्हर्लिन, ती पोरगी सुपरमार्केटात सगळ्यात वरच्या फळीवरचं पीठ काढते. बायका रांग लावतात तिच्यासाठी." केस कापायला गेला तर न्हावी वस्तरा मानेवर ठेवून म्हणायचा, "ती ज्या टीमकडे, कप त्या टीमकडे. हलू नकोस." चष्म्याचा नंबर तपासायला आलेले म्हातारे फळ्यावरची अक्षरं वाचता वाचता मध्येच विचारायचे, "मग, काय ठरलं ग्रेटाचं?" शेफर फ्युनरल होमचे म्हातारे मालक तर स्वतः दुकानात आले. आत येऊन नुसते उसासले. त्यांच्या धंद्यातल्या माणसाने उसासा टाकला की कुणालाही घाम फुटतो.

अडचण एवढीच होती की सगळ्यात पहिली निवड डॅडची नव्हती. ती होती डॉयल वॉम्पलरची. मिस्टर वॉम्पलर आमच्या समोरच्याच घरात राहतात, टायर विकतात आणि त्यांची टीम दरवर्षी इतक्या निष्ठेने तळाला जाते की पहिली निवड त्यांच्या घराण्यातच असल्यासारखी झाली आहे. डॅडने त्यांना ड्राइव्हवेवर गाठलं. मी खिडकीत होते. बायबलातले जुना आणि नवा असे दोन्ही करार वाचून व्हावेत एवढा वेळ त्यांनी या कराराला लावला. शेवटी ठरलं ते असं: डॅड आपली पहिली आणि दुसरी, अशा दोन्ही फेऱ्या मिस्टर वॉम्पलरना देणार. मिस्टर वॉम्पलर आपली सगळ्यात पहिली निवड डॅडला देणार, आणि वर आमच्या गाडीला बर्फात चालणारे चार नवीन टायर.

मला त्या वेळी एवढंच दिसलं की दोघांनी हात मिळवले. काय दिलं, काय घेतलं, ते खिडकीपर्यंत ऐकू आलं नाही.

निवडीच्या संध्याकाळी मी घरी भांडी पुसत होते. डॅड शीळ घालत आला, हातात डोनटचा खोका.

"ग्रेटा मिळाली," तो म्हणाला. "आणि टायर पण बसवून घेतले."

मॉमने विचारलं, "आणि मॅरन?"

"मॅरनचं काय? ती आहेच की. शेवटच्या फेरीत."

माझ्या हातातला फडका थांबला. मी तोंड उघडणार एवढ्यात दारावरची बेल वाजली. पोर्चवर मिस्टर वॉम्पलर, हातात नारिंगी जर्सी.

"जेवणाच्या वेळी आलो, माफ कर ट्वायला," ते मॉमला म्हणाले. "मॅरनला जर्सी द्यायची होती. मोठ्या मापाची आणलीये, अजून वाढेल असं धरून."

"कुठली मॅरन?" डॅडने विचारलं.

अख्ख्या गावात मॅरन एकच आहे. ती त्याच्या शेजारी फडका धरून उभी होती.

मिस्टर वॉम्पलरनी जर्सीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "व्हर्लिन, दुसऱ्या फेरीत माझं नाव पुकारलं तेव्हा फळ्यावर तिचं कार्ड आधीच होतं. तू मला दुसरी फेरी दिलीस. दुसऱ्या फेरीत ती होती."

"आणि तू मला काही बोलला नाहीस?"

"तुमच्या घरातली गोष्ट. मी कशाला मध्ये पडू?"

हे समजायला आमच्या गावातच जन्मावं लागतं. आमच्याकडे कुणी कुणाच्या घरगुती गोष्टीत तोंड घालत नाही. निदान समोरून नाही. हॉलमधल्या प्रत्येक कोचने ते कार्ड बघितलं होतं. प्रत्येकाला वाटलं, बापलेकीचं जोरात बिनसलंय, म्हणून व्हर्लिनने पोरीला समोरच्या घरात धाडलं, आणि सगळे शिष्टाचार म्हणून आपापल्या डोनटकडे बघत बसले. एकाने डॅडच्या खांद्यावर हात ठेवला म्हणे. डॅडला वाटलं, अभिनंदन करतोय. दुसऱ्या फेरीत आपलं काही काम नाही म्हणून तो तेवढ्यात बाहेर जाऊन ग्रेटाच्या आईला फोन करून आला, आणि शेवटच्या फेरीत तर आपली मॅरन आहेच म्हणून आधीच उठून टायर बसवायला गेला. शेवटच्या फेरीत त्याच्या वाट्याला आली ती शिट्टी वाजली की रडणारी मुलगी.

म्हणजे हिशेब असा झाला: एका बाजूला मी आणि एक पहिली फेरी, दुसऱ्या बाजूला ग्रेटा आणि चार टायर. मी हे पुन्हा पुन्हा मांडून बघितलं. टायर दरवेळी माझ्याच समोर यायचे.

"चूक झालीये. उद्याच निस्तरतो," डॅड म्हणाला. त्याचा चेहरा खरंच उतरला होता. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल फार चांगलं लिहिणार नाही.

मिसेस नोरीन बॅख्टेल पार्क खात्यात पोहण्याचा तलाव, सहलीच्या शेड, कबरस्तानातलं गवत आणि मुलींचं बास्केटबॉल हे सगळं एकाच टेबलावरून सांभाळतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आधी आम्हाला विचारलं की थडगं हवंय की शेड. डॅडने सगळं सांगितलं. टायरांचा उल्लेख आला तेव्हा त्या म्हणाल्या, "टायरांबद्दल मी काही ऐकलेलं नाही," आणि खिडकीबाहेर बघितलं.

सौदा मोडता येतो, असं त्यांनी सांगितलं. पण पहिल्या सरावाच्या आत, पूर्ण मोडायचा, आणि दोन्ही कोच आणि मुलींचे पालक अशा सगळ्यांची संमती हवी. ग्रेटाच्या आईचा निरोप आलाच होता: जिथे पायी जाता येईल तिथे चालेल. मिस्टर वॉम्पलर टोपी हातात धरून आले होते. ते लगेच म्हणाले, "माझी काही हरकत नाही. पोरीला तिच्या बापाकडे जाऊ दे. मला ती लांबडी दे, विषय संपला."

मिसेस बॅख्टेल डॅडकडे वळल्या. "मॅरनचे पालक म्हणून तुमची संमती?"

"अर्थात," डॅड म्हणाला.

त्यांनी कागदावर खूण केली. "आणि आता शेफर टीमचे कोच म्हणून?"

डॅडने टायची गाठ चाचपली. खोलीतला हीटर टकटक करत होता. मिस्टर वॉम्पलर टोपीच्या आतलं लेबल वाचू लागले.

"मला जरा विचार करू दे," डॅड म्हणाला.

"कशाचा?" हे मी विचारलं. मिसेस बॅख्टेलही विचारणारच होत्या, त्यांचं तोंड उघडं होतं.

"मॅरन, तू शांतपणे बघ. म्हणजे टीम म्हणून बघ." तो माझ्याकडे वळला आणि दुकानात गिऱ्हाइकाला महागडी फ्रेम समजावतो त्या आवाजात बोलायला लागला. "तू कुठेही खेळलीस तरी माझीच आहेस. रात्री जेवायला आपल्याच टेबलावर. ग्रेटाचं तसं नाही ना. ती गेली की गेली."

सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी कुठे जाणार होते? माणूस ज्या गोष्टीबद्दल निर्धास्त असतो तीच आधी देऊन टाकतो. हे मला कुठल्याही वर्गात शिकवलं नव्हतं. पार्क खात्यात, गवत कापायच्या यंत्रांच्या फोटोखाली बसून कळलं.

"मिसेस बॅख्टेल," मी म्हटलं, "राहू द्या. मी मिस्टर वॉम्पलरकडेच जाते."

आवाज अगदी व्यवस्थित निघाला. उन्हाळ्यात नुसते पायच वाढले नव्हते.

डॅड म्हणाला, "अगं, मी 'नाही' म्हटलेलं नाही."

"'हो'सुद्धा म्हटलेलं नाही."

बाहेर पडताना मिस्टर वॉम्पलर माझ्या शेजारी आले आणि हळूच म्हणाले, "मला मधल्या गोलातली ती उडी-बिडी काही शिकवता येत नाही, तुला आधीच सांगतो. पण सेंटर तूच. माझ्याकडे उंच असं दुसरं काही नाही, टायरांचा ढीग सोडला तर."

घरी मॉम एक शब्दही बोलली नाही. आमच्या घरात आरडाओरडा झाला तर समजायचं की अजून आशा आहे. त्या दिवसापासून डॅडला शुगर क्रीम पाय नावाच्या गोड पदार्थाचा तो तुकडा मिळू लागला ज्यात नुसती कड असते. मिसेस फिचनी कुंपणावरून मला बोलावून घेतलं. "बापाला माफ कर," त्या म्हणाल्या. "पण मॅच झाल्यावर. आधी केलंस तर खेळ मऊ पडतो." डॅडलाही त्यांनी सल्ला दिला असणार, कारण नंतर बरेच दिवस तो घरामागच्या दाराने ये-जा करत होता.

आमचा सराव टायरच्या गोदामात. तिथे एका भिंतीला रिंग आणि बाकी तिन्ही भिंतींना ट्रॅक्टरची चाकं. रबराच्या वासाने माझे केस शाळेतसुद्धा ओळखू यायचे. रिंगच्या डाव्या हाताला टायरांची भिंत छतापर्यंत गेलेली, तेव्हा डावीकडे वळायची सोयच नव्हती. मी उजवीकडे वळायला शिकले. आधी पाय अडकायचा, मग चेंडू, मग काहीच अडकेना. मिस्टर वॉम्पलर एका टायरवर बसून प्रत्येक वेळी म्हणायचे, "हे चांगलं होतं का? मला चांगलं वाटलं."

आणि आमच्या गॅरेजसमोर, माझ्या रिंगखाली, डॅड ग्रेटाला शिकवत होता.

ते मला स्वयंपाकघरातून दिसायचं. भांडी घासायची पाळी नेमकी माझीच असायची, किंवा मी ती घ्यायचे, काय ते समजा. ग्रेटा चेंडू आला की डोळे मिटून घ्यायची आणि चेंडू छातीवर आपटून खाली पडला की त्यालाच "सॉरी" म्हणायची. डॅडने तिला फुकट चष्मा करून दिला. चष्म्यातून चेंडू आणखी मोठा दिसायला लागला आणि ती आणखी घाबरली. हे बघून मला जो आनंद झाला तो मला शोभणारा नव्हता, पण झाला.

एक दिवस ती पाणी प्यायला आत आली. दारात वाकली, सवयीने. ते वाकणं मी ओळखलं आणि मला राग यायचा थांबला. याचाच मला नंतर राग आला.

"मला हा खेळ आवडत नाही," ती ग्लास धरून म्हणाली. "मला बागकाम आवडतं. आई म्हणाली, नाव घाल, मैत्रिणी होतील."

"झाल्या का?"

"एक आहे. शिट्टी वाजली की रडते ती." तिने पाणी संपवलं. "तुझे डॅड मला सारखं सांगतात, मॅरनसारखी उभी राहा. सरळ, हात वर, मागे हटायचं नाही. मॅरन तूच ना?"

मी नळ बंद केला. "मीच."

"मग दाखव ना कशी उभी राहतेस."

आता असल्या वेळी शहाणी मुलगी म्हणते की मला अभ्यास आहे. मी हात पुसले आणि फ्रिजसमोर उभी राहिले. पाय रुंद, पाठ सरळ, हात छताकडे. ग्रेटा माझ्या शेजारी तशीच उभी राहिली. तिची बोटं ट्यूबलाइटला लागली.

"असं किती वेळ?" तिने विचारलं.

"चेंडू येऊन लागेपर्यंत."

जानेवारीत शेफर आणि वॉम्पलर टायर्सची मॅच आली. शाळेचं जिम भरलं होतं, पॉपकॉर्नचा वास, बाकांवर ओल्या बुटांचे डाग. मॉम बरोबर मधोमध बसली, जिथून कुठलीच टीम आपली म्हणता येत नाही. डॅडने फ्युनरल होमने दिलेला काळा टाय घातला होता. मी नारिंगी जर्सीत मधल्या गोलात गेले. समोर ग्रेटा. पंचाने चेंडू हातात घेतला आणि सगळं जिम श्वास रोखून बघू लागलं, उन्हाळाभर मी मनात पाहिलं होतं तसंच. एवढंच की डॅड माझ्या मागे उभा असायला हवा होता, आणि तो समोर होता.

चेंडू वर गेला. ग्रेटाने डोळे मिटले. मी उडी मारली आणि चेंडू मारला. ते मला मिळालं, कुणी काढून घेऊ शकत नाही.

मग पहिल्यांदाच चेंडू घेऊन मी रिंगखाली पोचले, आणि डॅडचा आवाज आला. ओरडला तो माझ्यासाठी नव्हे.

"ग्रेटा, तिच्या डावीकडे. ती डावीकडेच वळते. नेहमी."

जगात एका माणसाने माझा प्रत्येक चेंडू परत फेकला होता. त्याच माणसाने ते ज्ञान भर जिममध्ये वाटून टाकलं. ग्रेटा आज्ञाधारक मुलगी, ती माझ्या डावीकडे सरकली. मी उजवीकडे वळले आणि चेंडू जाळीत टाकला.

मी मुद्दाम डॅडकडे बघितलं. त्याने चष्मा काढून पुसला. पुढच्या वेळीही मी उजवीकडे गेले, तेव्हा त्याने परत पुसला. वॉम्पलर टायर्स मध्यंतरापर्यंत पुढे होते. असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे मिस्टर वॉम्पलरना मध्यंतरात काय बोलायचं ते सुचेना. त्यांनी आम्हाला संत्र्याच्या फोडी दिल्या आणि म्हणाले, "तेच करा."

आम्ही तेच केलं, आणि ते हळूहळू पुरेना. शेवटी एका गुणाने आम्ही मागे होतो, घड्याळ संपत आलं होतं, आणि चेंडू माझ्या हातात आला. मी उजवीकडे वळले. वळण अगदी स्वच्छ झालं, कोपर आत, मिसेस फिच बघत असतील म्हणून आणखी आत. चेंडू सोडला.

समोर ग्रेटा उभी होती. पाय रुंद, पाठ सरळ, हात छताकडे. डोळे मिटलेले. तिने काहीही केलं नाही. ती फक्त माझ्यासारखी उभी होती, फ्रिजसमोर शिकवली होती तशी, आणि माझा चेंडू तिच्या बोटांना लागला आणि बाजूला पडला.

भोंगा वाजला. शिट्टीही वाजली, आणि ती मुलगी रडू लागली, या वेळी आनंदाने. डॅडने उडी मारली. दोन्ही हात वर, काळा टाय खांद्यावर उडालेला, एवढा उंच मी त्याला कधी बघितला नव्हता. आणि वर असतानाच त्याला मी दिसले. खाली येईपर्यंत त्याचा चेहरा बदलला होता, पण माणसाला उडी अर्ध्यात थांबवता येत नाही. ती त्याने पूर्ण मारली.

हात मिळवताना ग्रेटा म्हणाली, "सॉरी. मी नुसती उभी होते."

"माहितीये," मी म्हटलं. "छान उभी होतीस." आणि ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

मॅच संपल्यावर हरलेली टीम एकीकडे जाते, जिंकलेली दुसरीकडे. ही सोय मला नव्हती. पार्किंगमध्ये आमची गाडी एकच. डॅड पुढे, मॉम त्याच्या शेजारी, मी मागे, मांडीवर नारिंगी जर्सी. बर्फ पडत होतं. टायर मात्र अगदी उत्तम चालत होते. कुठेही घसरले नाहीत. एवढ्या चांगल्या टायरवर मी आयुष्यात बसले नव्हते.

दूध डेअरीच्या सिग्नलला डॅडने आरशातून माझ्याकडे बघितलं. "ते उजवीकडे वळणं कधी शिकलीस?"

"झाले बरेच दिवस."

"मला माहीत नव्हतं."

"हो ना," मी म्हटलं.

सिग्नल सुटला. मॉमने रेडिओकडे हात नेला आणि तो न लावताच मागे घेतला. डॅडने घसा साफ केला. "समिती पुढच्या वर्षी तुला पहिल्या फेरीत घालणार. नोरीन बॅख्टेलच म्हणाली मला. आणि ती पहिली फेरी मी कुणाला देणार नाहीये. लेखी हवं तर लेखी देतो." मग जरा थांबून, अगदी हळू, गिऱ्हाइकांसाठीचा तो आवाज न लावता त्याने विचारलं, "परत येशील ना, शिडी?"

इतके दिवस मी या प्रश्नाची वाट बघत होते. त्याचं उत्तर इतक्या वेळा पाठ केलं होतं, टायरांच्या ढिगाशी, नळाखाली, शाळेच्या बसमध्ये. एका अक्षराचं होतं, 'हो'. तेच, जे पार्क खात्यात त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

"मला जरा विचार करू दे," मी म्हटलं.

डॅडने मान हलवली, समोर बघत, दोन्ही हात स्टिअरिंगवर. पुढे आमच्या गल्लीचं वळण आलं, मिसेस फिचच्या पोर्चचा दिवा दिसला, आणि विचारात गढलेल्या डॅडने गाडी सरळ पुढे नेली. वळण मागे राहिलं, हे मॉमला दिसलं, मलाही दिसलं. पण आमच्याकडे कुणी कुणाच्या खाजगी गोष्टीत तोंड घालत नाही. आम्ही दोघी आपापल्या काचेतून बाहेर बघत राहिलो, आणि डॅड त्या सुंदर टायरांवर आम्हाला गावाबाहेर घेऊन चालला.